पहिलवानाच्या गाद्या

कुत्र्याच्या पंजाखाली काळ्या मऊ उशा असतात ना, त्यांना आम्ही दवाखान्यात गाद्या म्हणतो. चार बोटांच्या चार आणि मधली एक मोठी. पुढच्या पायाला मनगटामागं अजून एक असते, ती लोकांना दिसतच नाय. माझं आयुष्य या गाद्या हातात धरण्यात गेलं. मी डॉक्टर नाही, ड्रेसर आहे. जखम धुणं, पट्टी बांधणं, जनावर धरणं हे माझं काम. शिक्षण सातवी, तीही दुसऱ्या खेपेला. सरकारी जनावरांच्या दवाखान्यातून रिटायर झालो, आणि आता छावणी भागात एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात रोज सकाळी नऊ ते दोन जातो. घरी बसून करायचं काय? बायको गेली. मुलगी नांदेडला दिली. पुंडलिकनगरच्या दोन खोल्यांत भिंतीकडं बघत बसण्यापेक्षा कुत्र्यांकडं बघितलेलं बरं.

या अंकाच्या संपादकबाई त्यांचं मांजर घेऊन आमच्याकडं येतात. म्हणाल्या, "मामा, तुमचे अनुभव लिहा, पण जरा हलकंफुलकं." मी म्हणालो, बाई, मला येतं तसं लिहीन, नाय आवडलं तर छापू नका.

गादी जाड होते म्हणजे काय, ते आधी सांगतो. चांगली गादी दाबली की रबरासारखी दबते. जराशी खरखरीत लागते, पण जिवंत लागते. जाड झाली की दगड होते. कडेला झालरीसारखे धागे सुटतात, मग भेगा पडतात, भेगांत खडे जातात, आणि कुत्रं पाय टेकवायच्या आधी विचार करायला लागतं. लोक म्हणतात, "याला कुरूप झालंय." आता माणसाच्या तळपायाला होतं ते कुरूप. कुत्र्याचं बहुतेक वेळा दुसरंच काही असतं. पण एकदा नाव कुरूप पडलं की औषधही कुरूपाचंच होतं, आणि तिथंच घोळ होतो.

आमच्याच भागात एक रिटायर मास्तर आहेत. त्यांचं कुत्रं तेरा वर्षांचं. त्या वयात गाद्या जाड होणारच, माझेही तळपाय बघा. मास्तरांनी औषधाच्या दुकानातून माणसाच्या कुरूपाला लावायच्या चिकटपट्ट्या आणल्या आणि सोळा बोटांना सोळा चिकटवल्या. संध्याकाळी कुत्रं घेऊन हजर.

मी म्हणालो, "मास्तर, चारच राहिल्यात."

"बाकीच्या गळल्या असतील हो."

"गळल्या नाय, गिळल्या."

त्या पट्ट्यांत कातडी जाळणारं औषध असतं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी कुत्र्याला उलटी करायला लावली. मास्तर गुडघ्यावर बसून एकेक पट्टी मोजत होते, जसे काय पेपर तपासायला बसलेत. कुत्रं वाचलं. मास्तर मात्र अजून मला टाळून पलीकडच्या बाजूनं जातात.

माझा एक साधा नियम आहे. एकाच पायाची एकच गादी जाड असेल तर कारण बाहेर शोधायचं. काटा, काच, जुनी जखम. चारही पाय सारखेच जाड असतील तर कारण आत आहे. आणि आतल्या कारणांत सगळ्यात वाईट म्हणजे डिस्टेंपर. हा कुत्र्यांचा साथीचा रोग. लस टोचलेली नसली की धरतो. ताप येतो, डोळे-नाक वाहतं, लाळ गळते, खाणं सुटतं, नाक आणि गाद्या लाकडासारख्या होतात, शेवटी अंगाला झटके येतात. झटक्यांपर्यंत गेलेलं कुत्रं क्वचितच वाचतं. मग मालक म्हणतात, सुई द्या. म्हणजे झोपवून टाका.

सुई डॉक्टर देतात, पण पाय ड्रेसर धरतो. हे कुणी लिहीत नाय म्हणून मी लिहितो. सरकारी नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक तरणं कुत्रं आलं होतं, चारही गाद्या जाड. सगळे म्हणाले डिस्टेंपर. मी पाय धरला, सुई झाली. त्याला झटके नव्हते. नाक वाहत नव्हतं. ते काय खातं, हे आमच्यातल्या कुणी विचारलं नाय. पुढं कितीतरी वर्षांनी एका जाणत्या डॉक्टरांनी मला सांगितलं की खाण्यात जस्त कमी पडलं तरी गाद्या अशाच होतात, आणि ते बरं होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाय. सिंधू म्हणाली, "तुम्हाला कुठं माहीत होतं?" सिंधू म्हणजे माझी बायको. माहीत नव्हतं हे खरं आहे. पाय मीच धरला होता, हेही खरं आहे.

सिंधू गेली मागच्या संक्रांतीनंतर. सकाळी चहा ठेवला आणि ओट्यापाशीच बसली ती उठली नाय. चौदाव्या दिवशी मी कामावर गेलो. बहीण म्हणाली, "लोक काय म्हणतील?" म्हटलं, लोकांना दोन खोल्यांत एक दिवस बसवून बघ.

त्याच उन्हाळ्यात पहिलवान आला.

सिल्लोडच्या एका मका-व्यापाऱ्याच्या जीपमधून तो आला. बाप अल्सेशियन, आई गावठी, वय दहा महिने आणि अंगापिंडानं वासराएवढा. नाव पहिलवान, आणि त्याला चौघांनी उचलून आणला. मालक भाऊसाहेब, पांढऱ्या कपड्यातला भारदस्त माणूस. आत आले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"ड्रेसर, लवकर उरका. मला बघवत नाय."

कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन जमिनीवर बसलेला दुसरा माणूस म्हणजे गफूरभाई, भाऊसाहेबांच्या गोदामाचा राखणदार. साठीचा, दाढी पांढरी. कुत्र्याच्या तोंडातून लाळेची धार लागली होती आणि त्यांचा सगळा कुर्ता भिजला होता.

मी म्हणालो, "चाचा, कुर्ता खराब हो रहा."

"धो लेतूं मामू, नहा लेतूं. इसकू फर्शी पे कैसा रखूं?"

बाईंनी तपासलं. अंगात ताप. सहा दिवस अन्नाला तोंड नाय. लस दिलेली नाय. नाकावर खपल्या, तोंड काळं पडून सुजलेलं, गाद्या दगड. तीन आठवड्यांपासून पाय टेकत नव्हता. सिल्लोडच्या एका औषधवाल्यानं फोनवर फोटो बघूनच सांगितलं होतं, डिस्टेंपर. गोदामात अजून दोन पिल्लं होती, त्यांना लागेल ही भीती. बाईंनी डिस्टेंपरची पट्टीवरची तपासणी केली. पट्टी म्हणाली, नाय. पण रोग जुना झाला की ती पट्टी फसवते, हे बाईंनाही माहीत आणि मलाही. त्यांनी मला सुईच्या परवानगीचा फॉर्म आणायला सांगितला. भाऊसाहेबांनी भिंतीवरच कागद टेकवून सही केली.

माझं काम सुरू झालं. पुढच्या उजव्या पायाचे केस काढायचे, शीर दाखवायची, पाय धरायचा. बाईंनी सुई भरली. मी पंजा हातात घेतला आणि माझा अंगठा एका काळ्या डागावर आला.

तो डाग मी ओळखतो. धोबी कपड्याला खूण करायला ज्याचा ठिपका देतात, त्या बिब्ब्याचा डाग. कशानंही जात नाय. आमची सिंधू मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटायची. दिवसभर दगडी फरशीवर उभी. टाचांना भेगा अशा की नाणं बसावं. एकदा कुणाचं तरी ऐकून तिनं बिब्बा तापवून टाचेला लावला. आठ दिवस चप्पल घालता आली नाय. भोवती फोड, मधे काळं, कडेनं लाल. मी रोज खोबरेल लावायचो आणि रोज शिव्या द्यायचो. ती म्हणायची, "तेल तेवढं लावा, शिव्या नंतर द्या." आठ दिवस जे बघितलं, तेच आता माझ्या हातात होतं. फक्त कुत्र्याच्या पायावर.

मी मागचा पाय उचलून बघितला. तिथं काळं नाय, फोड नाय. राखेच्या रंगाची कोरडी जाड गादी. परत पुढचा बघितला. परत मागचा.

"बाई, दोन मिनिटं द्या."

"मामा, काय झालं?"

"दोनच मिनिटं. सुई ठेवा खाली."

गफूरभाईंना मी बाहेर नळापाशी नेलं.

"बिब्बा कुणी लावला?"

"कायका बिब्बा?"

"मला मामू म्हणता ना? मग मामू बनवू नका. माझ्या बायकोनं लावला होता. डाग वळखतो मी."

ते नळाकडंच बघत म्हणाले, "मैंने लगाया. कुरूप समझ के. हमारी अम्मी लगाती थी, आराम पडता था. सामने के दो पांव पे लगाया, वो इत्ता चिल्लाया, फिर पीछे के छोड दिया." आणि मग एकदम, "मामू, वो मेरे हात से मरा क्या?"

"अजून मेला नाय. आत चला, शेठला सांगा."

"नोकरी जाती मेरी."

"नोकरी की पहिलवान, एकच बोला. आत सुई भरलेली आहे."

मला वाटलं होतं, मलाच सांगावं लागणार. पण तो माणूस दारात उभा राहिला आणि मोठ्यानं, स्वच्छ मराठीत म्हणाला, "शेठ, त्याच्या पायाला मी बिब्बा लावला. त्यानं चाटला. तोंड त्यानं जळालंय."

भाऊसाहेब पहिल्यांदा भिंतीकडून वळले. बाईंनी हातातली सुई ट्रेमधे ठेवली. त्या ट्रेचा आवाज मला अजून आठवतो, आणि चांगला आठवतो.

मग एकेक गाठ सुटायला लागली. लाळ कशानं? तोंड जळालं म्हणून. खात का नाय? तोंड जळालं म्हणून. ताप? फोड चिघळले म्हणून. डिस्टेंपरची तीन लक्षणं तर एकट्या बिब्ब्यानं उभी केली होती. झटके विचारले, एकदाही नाय. पण बाई हुशार. म्हणाल्या, "मामा, मागच्या पायांना बिब्बा नाही, तरी गाद्या जाड आहेत. आणि हे डोळ्यांभोवती काय आहे?"

दोन्ही डोळ्यांभोवती चष्मा लावल्यासारख्या खपल्या होत्या. कोपरांवरही तशाच.

मी गफूरभाईंना विचारलं, "डोळ्याला पण लावला का?"

"अल्ला कसम, नाय. डोळ्याला कोण लावंल? मी येडा हाय का?"

म्हणजे बिब्बा वरून आला. खालचा रोग आधीपासून होता आणि बिब्ब्यानं तो झाकला. त्या क्षणी मला ते पहिलं कुत्रं आठवलं, ज्याचा पाय मी धरला होता. मी भाऊसाहेबांना विचारलं, "खायला काय घालता?"

ते जरा दुखावले. "खायला? खायला त्याला कमी नाय काही. मक्याची भाकर दोन टाइम. आपल्याच गोदामातला मका, एक नंबर. आणि कॅल्शियमच्या पावडरीचा डबा आणलाय मोठा, तीन-तीन चमचे देतो. नाव पहिलवान ठेवलंय, हाडं नकोत का तशी?"

"मटण? अंडी?"

"आमच्या घरात चालत नाय."

बाईंनी माझ्याकडं बघितलं, मी बाईंकडं. मक्यात जस्त असतं, पण मका ते सुखासुखी पोटात सोडत नाय. त्यावर कॅल्शियमचा मारा केला की जे थोडं सुटतं तेही अंगी लागत नाय. आणि कुत्रं मोठ्या जातीचं, वाढतं वय. जस्त नसलं की कातडीचा थर नीट तयार व्हायच्या आधीच त्यावर दुसरा चढतो, त्यावर तिसरा. कच्चेच थर साचत जातात. गाद्यांवर, डोळ्यांभोवती, कोपरांवर, नाकावर.

भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "म्हणजे मीच केलं?"

मला गोड बोलता येत नाय. मी म्हणालो, "निम्मं तुम्ही, निम्मं गफूरभाईंनी. दोघांनीही लाडानंच केलं. पण साथीचा रोग बिचारा यात कुठंच नव्हता."

बाईंनी मला दटावलं. "मामा, खात्री झालेली नाही अजून." त्यांचं बरोबर होतं. त्यांनी कातडीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला आणि भाऊसाहेबांकडं पंधरा दिवस मागितले. फरक पडला नाय तर परत विचार करू. फॉर्म फाडायची परवानगी मात्र मला लगेच मिळाली. चार तुकडे केले, एकेका पायाचा एक.

पहिलवान आमच्याकडंच राहिला. कॅल्शियम बंद. जस्ताच्या गोळ्या, जेवणासोबतच, कारण रिकाम्या पोटी उलटी होते. गफूरभाई रोज सकाळच्या एसटीनं सिल्लोडहून यायचे, डब्यात उकडलेली अंडी आणि खिमा घेऊन. भाऊसाहेबांनी विचारलं नाय डब्यात काय असतं, आणि यांनी सांगितलं नाय. नोकरी गेली नव्हती. भाऊसाहेब एवढंच म्हणाले होते, "परत काही लावायच्या आधी फोन कर."

आधी आठ दिवस फक्त भाजलेलं बरं केलं. तोंड निवलं, ताप उतरला, खायला लागला. मग गाद्यांचं काम. कोमट पाण्यात एकेक पाय पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचा, म्हणजे थर फुगून मऊ होतो. मग तो उतरवायचा. पांढरं-राखाडी आहे तोवर मेलेलं असतं, खालून गुलाबी डोकावलं की हात थांबला पाहिजे. कात्रीनं मोठे पापुद्रे निघाले, पण बारीक कामाला कात्री आडदांड पडायला लागली. दोनदा तो कळवळला. मला काहीतरी सोपं, हातात मावणारं पाहिजे होतं.

घरी मोरीच्या खिडकीत सिंधूची वजरी होती. टाचा घासायची, काळी, एका बाजूनं झिजून तिच्या हाताच्या आकाराची झालेली. ती गेल्यापासून मी तिला हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी खिशात घालून नेली. बहिणीला कळलं तेव्हा ती रडायलाच लागली. "वहिनीची वजरी कुत्र्याच्या पायाला? काही वाटलं नाय तुला?" वाटलं. पण सिंधू असती तर एवढंच म्हणाली असती, "आधी धुऊन घ्या."

ओल्या गादीवर वजरी अशी चालली की काय सांगू. जोर नाय, फक्त गोल गोल. पिठासारखं पांढरं पाण्यात उतरायचं. मग पुसून मलम, वर मोजा, आणि त्यानं चाटू नये म्हणून गळ्यात भोंगा. रोज चार पाय. मी तिच्या टाचांना असा कधी बसलो नव्हतो. बिब्ब्याचे आठ दिवस सोडले तर कधीच नाय. घरात घुसता घुसता तिला म्हणायचो, "आज चाळीस पाय धुतले." ती पाय पोटाशी घेऊन पोळ्यांची कणीक मळत बसलेली असायची. ही एक गोष्ट मी लिहिणार नव्हतो, पण लिहिली.

बाराव्या दिवशी मी पाणी तापवत होतो, आणि मागून गफूरभाईंचा आवाज आला, "मामू! मामू, इधर देखो!" पहिलवान उभा होता. चारही पायांवर, मोजे घालून, भोंग्यातून बाहेर बघत, जसा काय लग्नातला नवरदेव. दोन पावलं टाकली आणि बसला. परत उठला. गफूरभाईंनी माझा खांदा असा दाबला की तीन दिवस दुखत होता.

तपासणीचा कागद नंतर आला. त्यात तेच होतं, जस्त. बाईंनी केसपेपरवर लाल पेननं लिहिलं, "ही बाब प्रथम ड्रेसर मामांच्या लक्षात आली." मी त्याची झेरॉक्स काढली. मुलीला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, "छान बाबा. जेवलात का?" मी म्हणालो, आधी पूर्ण ऐक, आणि परत पहिल्यापासून वाचली.

दोन महिन्यांनी भाऊसाहेबांचा निरोप आला, गोदाम बघायला या. एसटीनं सिल्लोडला गेलो. मोठं आवार, सगळीकडं टोकदार खडी, एका बाजूला मक्याची थप्पी. फाटक लोटून आत गेलो. मनात म्हणत होतो, आता येईल शेपूट हलवत, हात चाटेल. मीही माणूसच आहे.

आला. पण शेपूट हलवत नाय. आवाराच्या त्या टोकावरून तो जो सुटला, तो खडी उडवत सरळ माझ्यावर. मी अडुसष्ट वर्षांचा. पळालो. एक चप्पल तिथंच सुटली आणि मी पोत्यांच्या थप्पीवर कसा चढलो ते मला आजही सांगता येणार नाय. खाली पहिलवान, दात काढून, अख्खं सिल्लोड गोळा होईल असा भुंकत. थप्पीभोवती गोल गोल पळत होता, वळणावर सुद्धा वेग कमी करत नव्हता. त्या खडीवर. मी वरून पाय बघत होतो. पुढचा उजवा, पुढचा डावा, मागचे दोन्ही. पूर्ण टेकत होते. एकही पाय विचार करत नव्हता.

मला हसू फुटलं. पोत्यावर बसून, धोतराचा सोगा हातात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. संक्रांतीपासून पहिल्यांदा.

गफूरभाई काठी घेऊन धावत आले. "ऐ पहिलवान! मामू है, मामू! वळखत नाय का रे?"

"वळखलंय, म्हणून तर आलाय," मी वरून ओरडलो. "रोज पाय घासलेत त्याचे."

"रुको मामू, बांधतूं उसकू."

"नका बांधू," मी म्हणालो. "अजून एक चक्कर मारू द्या."